शेण, गेरू आणि तांदूळ : वारली भिंतीवरचा प्रयोग कोणाचा?

१/
पनवेलच्या एखाद्या नव्या गृहसंकुलात शिरताना लिफ्टशेजारच्या भिंतीवर, एखाद्या दारावरील पाटीवर किंवा दिवाणखान्यातील पडद्यावर दोन त्रिकोणांची पांढरी माणसे फेर धरून नाचताना दिसतात. विचारले तर उत्तर ठरलेले असते : वारली, प्राचीन आदिवासी कला. त्या भिंतीवरचा लाल रंग डब्यातला असतो आणि पांढरा रंग ॲक्रिलिकचा. मूळ लाल आणि मूळ पांढरा कशाचा होता, तो भिंतीवरून कागदावर कसा उतरला आणि या प्रवासात ‘प्रयोग’ नेमका कोणी केला, याची ही कथा. 🧵

२/
प्रारंभ पनवेलपासूनच करता येतो. १८८२ साली मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरमधील ठाणे जिल्ह्याचा खंड प्रसिद्ध झाला, तेव्हा पनवेल आणि डहाणू हे दोन्ही तालुके एकाच ठाणे जिल्ह्यात होते. पनवेल १८८३ साली कुलाबा जिल्ह्याला, म्हणजे आजच्या रायगडाला, जोडले गेले. त्याच्याही आधी, १८४३ साली, जॉन विल्सन या मिशनऱ्याने रॉयल एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात उत्तर कोकणातील दोन वन्य जमातींवर लेख लिहिला. त्या जमाती म्हणजे वारली आणि कातोडी. खैरापासून कात काढणारे हे कातोडी किंवा कातकरी पनवेल-कर्नाळ्याच्या डोंगरांत आजही राहतात.

३/
जिल्हे वेगळे झाले तरी घर बांधण्याची सामग्री एकच राहिली. सह्याद्रीच्या उतारावर कारवी उगवते. सात वर्षांनी एकदा सगळे रान जांभळे करून टाकणारी हीच ती कारवी. तिच्या सरळ, चिवट काठ्या शेजारी शेजारी उभ्या करून बांधल्या की कूड तयार होतो. त्यावर आतून-बाहेरून माती आणि शेणाचा लेप दिला की भिंत होते. माथेरान-प्रबळगडाच्या पायथ्याच्या पाड्यांवर ठाकर-कातकऱ्यांनी हीच भिंत उभारली आणि डहाणू-तलासरीत वारल्यांनीही.

४/
या भिंतीकडे केवळ गरिबीची खूण म्हणून पाहणे चूक आहे. ती विचारपूर्वक घडवलेली वस्तू आहे. नुसती माती वाळताना आकसते आणि तिला भेगा पडतात. शेणात न पचलेल्या गवताचे बारीक धागे असतात. ते मातीला आतून धरून ठेवतात आणि भेगा रोखतात. अजिंठ्याच्या लेण्यांत चित्रांखाली जो मातीचा लेप आहे, त्यातही भाताचे तूस आणि वनस्पतींचे धागे मिसळलेले आढळतात. वेरूळच्या लेपात तर भांगेच्या झाडाचे अवशेष सापडल्याचे संशोधन २०१६ साली प्रसिद्ध झाले. तंत्रामागचे तत्त्व तेच. फरक इतकाच की अजिंठ्याच्या लेपाला पाठीशी खडक मिळाला आणि वारली भिंतीला कारवी.

५/
आता चित्राकडे. वारली समाजात भिंतीवरील मुख्य चित्र म्हणजे लग्नाचा ‘चौक’. तो काढण्याचा अधिकार सवाशिणींचा. लग्नविधीत धवलेरी ही स्त्री गाणी म्हणते आणि तिच्यावाचून लग्न पुरे होत नाही. चौक नसेल तर लग्न लागत नाही, इतके त्याचे महत्त्व. चौकटीच्या मध्यभागी पालघाट ही सुफलतेची देवी. सोबतच्या लहान चौकात घोड्यावर स्वार पंचशिऱ्या देव. भोवती सूर्य, चंद्र, फणी, शिडी, झाडे, माणसे. म्हणजे ही सजावट नव्हे, विधीचा भाग होता.

६/
चित्राची सामग्री तीन वस्तूंत संपते. पहिली शेण : भिंत सारवून घेण्यासाठी. दुसरी गेरू : लोहयुक्त लाल माती, जिचा रंग उन्हाने उडत नाही. तिसरी तांदूळ : भिजवून वाटलेले किंवा पाण्यात कालवलेले पीठ. कुंचला म्हणजे टोक चावून मऊ केलेली बांबूची काडी. या यादीतील प्रत्येक वस्तू शेतात, गोठ्यात किंवा रानात मिळते. बाजारातून काहीही आणावे लागत नाही.

७/
तांदळाच्या या पांढऱ्या रंगाचा स्वभाव समजून घेण्यासारखा आहे. कच्च्या पिठाचे कण पाण्यात विरघळत नाहीत, नुसते तरंगत राहतात. ओली रेघ त्यामुळे फिकट, जवळजवळ पारदर्शक दिसते. पाणी उडून गेले की कोरड्या कणांवरून प्रकाश विखुरतो आणि रेघ पांढरी होऊन उठते. याचा अर्थ, चित्र काढणाऱ्या स्त्रीला आपली रेघ काढताना पूर्ण दिसत नसे. पीठ किती दाट असावे, काडीवर किती घ्यावे, हे हाताला ठाऊक असावे लागे.

८/
शिवाय भिंत खडबडीत. सारवणाऱ्या हाताच्या बोटांचे वळसे तिच्यावर उमटलेले. अशा पृष्ठावर बारीक, अखंड वळणाची रेघ टिकत नाही. ती मध्येच तुटते. सरळ रेघ, त्रिकोण, वर्तुळ, टिंब आणि चौकट मात्र उत्तम बसतात. वारली आकृत्यांच्या साधेपणाची कारणे अनेक असतील, पण भिंतीचा पोत हे त्यांतील एक आहे. ज्याला आज ‘शैली’ म्हटले जाते, तिच्या घडणीत शेणमातीचाही हात आहे.

९/
आणि हे सारे टिकण्यासाठी नव्हतेच. कच्चे पीठ भिंतीला घट्ट चिकटत नाही. चुलीचा धूर, वाळवी, पावसाळ्याची ओल आणि पुढचे सारवण यांत चौक हळूहळू नाहीसा होई. लग्न लागले की त्याचे काम संपले. पुढच्या लग्नाला पुढचा चौक.

१०/
इतिहासाच्या दृष्टीने याचा परिणाम मोठा आहे. ‘वारली चित्रे पाच हजार वर्षांची’, ‘दहाव्या शतकापासूनची’ अशी विधाने सर्रास आढळतात. परंतु जी भिंत काही पावसाळ्यांपलीकडे टिकत नाही, तिच्यावरील जुने चित्र पुरावा म्हणून हाती येणार कसे? भीमबेटकाच्या शैलचित्रांशी किंवा ताम्रपाषाणयुगीन भांड्यांवरील नक्षीशी असलेले साम्य दाखवले जाते. पण साम्य म्हणजे सातत्य नव्हे. त्रिकोण आणि रेघ यांचा उपयोग करून माणूस काढण्याची कल्पना जगात अनेकांना स्वतंत्रपणे सुचली आहे.

११/
‘प्राचीन’ या शब्दाने आणखी एक गोष्ट घडते. ज्यांना प्राचीन म्हटले जाते, त्यांचा अलीकडचा इतिहास झाकला जातो. वारल्यांचा अलीकडचा इतिहास तर ठळक आहे. एकोणिसाव्या शतकात वनकायद्यांनी रान बंद केले, जमिनी सावकार-जमीनदारांकडे गेल्या आणि जमीन कसणारा वारली तिच्यावरचा वेठबिगार झाला. याच व्यवस्थेतून ‘लग्नगडी’ निर्माण झाला.

१२/
लग्नगडी म्हणजे लग्नाच्या खर्चासाठी जमीनदाराकडून कर्ज घेऊन, ते फिटेपर्यंत नवराबायकोने त्याच्याकडे राबायचे. कर्ज फिटत नसे. चौकाची कथा सांगताना हा तपशील बहुधा वगळला जातो. ज्या लग्नासाठी सवाशिणी भिंतीवर सुफलतेची देवी रेखाटत, तेच लग्न कित्येक जोडप्यांना गुलामीत लोटत होते. भिंतीवरचे तांदूळ घरचे असत. लग्नाचे पैसे मात्र सावकाराचे.

१३/
१९४५ साली किसान सभेच्या नेतृत्वाखाली, शामराव आणि गोदावरी परुळेकर यांच्या पुढाकाराने, वारल्यांनी उठाव केला. वेठ आणि लग्नगडी या प्रथा झुगारल्या गेल्या. १० ऑक्टोबर १९४५ रोजी तलवाड्याला जमलेल्या वारल्यांवर गोळीबार झाला आणि त्यात पाच जण हुतात्मा झाले. या लढ्यावरील गोदावरीबाईंचे ‘जेव्हा माणूस जागा होतो’ हे पुस्तक पुढे साहित्य अकादमी पुरस्काराने गौरवले गेले. त्याच १९४५ साली के. जे. सावे यांचे वारल्यांवरील इंग्रजी पुस्तकही प्रसिद्ध झाले. वारली चित्र जगापुढे आले ते यानंतर पाव शतकाने.

१४/
आता दृश्य मुंबईत हलते. हातमाग व्यवसायाला नवे आकृतिबंध मिळावेत म्हणून १९५० च्या दशकात पुपुल जयकर यांच्या पुढाकाराने विणकर सेवा केंद्रे उभी राहिली. मुंबईच्या केंद्रात आधुनिक चित्रकार नोकरीला होते. नागावात, म्हणजे तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यात, जन्मलेले प्रभाकर बरवे यांनीही १९६१ पासून विणकर सेवा केंद्रांत काम केले. याच वर्तुळातील एक चित्रकार म्हणजे भास्कर कुलकर्णी.

१५/
१९६६-६७ च्या बिहारच्या दुष्काळात कुलकर्णी यांना मिथिलेत पाठवले गेले. लग्नाच्या कोहबराच्या भिंती रंगवणाऱ्या तिथल्या स्त्रियांना त्यांनी कागद दिला. हेतू असा की चित्र विकता यावे आणि घरात चार पैसे यावेत. मधुबनीच्या कागदावरील चित्रांचा प्रसार तेथून सुरू झाला. १९७० च्या दशकाच्या आरंभी तेच कुलकर्णी डहाणू भागात गंजाडच्या परिसरात पोहोचले. हातात पुन्हा कागद होता.

१६/
तेथे त्यांना जिव्या सोमा म्हसे भेटले. म्हसे यांचा जन्म १९३४ चा. लहानपणी आई गेली, त्यानंतर बराच काळ ते बोलत नसत आणि धुळीत रेघोट्या काढून सांगत, असे त्यांच्याविषयी नेहमी सांगितले जाते. चित्र काढणे हे स्त्रियांचे विधिकार्य असलेल्या समाजात हा पुरुष विधीशिवाय, रोज, स्वतःच्या आनंदासाठी चित्र काढत होता. पहिला प्रयोग हाच होता. तो कुलकर्णी येण्यापूर्वी सुरू झाला होता.

१७/
दुसरा प्रयोग सामग्रीचा. पांढऱ्या कागदावर पांढरा तांदूळ दिसणार कसा? म्हणजे भिंतीचा रंग कागदावर न्यावा लागला. तपकिरी कागद, गेरू फासलेला कागद, पुढे शेणाचा थर दिलेले कापड अशी पृष्ठे पुढे आली. तांदळाचे पीठ लवचिक पृष्ठावर झडते. म्हणून त्यात डिंक आला. पुढे तांदळाची जागा पांढऱ्या तयार रंगाने घेतली, पण खालचे शेण राहिले. म्हसे यांच्या नंतरच्या अनेक चित्रांखाली ‘कापडावर शेण आणि ॲक्रिलिक’ अशी नोंद असते. एका ओळीत दोन युगे.

१८/
पृष्ठ बदलताच रेघ बदलली. कापड भिंतीपेक्षा गुळगुळीत. त्यामुळे काडीचे टोक अधिक बारीक करता आले. म्हसे यांच्या मासेमारीच्या जाळ्याच्या चित्रांत हजारो सूक्ष्म रेघा एकमेकींना छेदत सगळे कापड व्यापतात. तारपा नाचाचा फेर सर्पिल होऊन आत आत वळत जातो. चौकाची चौकट मोडली आणि तिच्या कडेला असलेली शेते, मुंग्या, पक्षी, माणसे मोकळी होऊन पसरली. हे ‘परंपरा जशीच्या तशी जपणे’ नव्हते. नव्या पृष्ठाशी केलेली ही नवी झटापट होती.

१९/
१९७० च्या दशकाच्या मध्यास मुंबईच्या केमोल्ड गॅलरीत म्हसे यांची चित्रे लागली. १९७६ साली राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. १९८९ साली पॅरिसमध्ये ‘मॅजिसियँ द ला तेर’, म्हणजे पृथ्वीचे जादूगार, हे गाजलेले प्रदर्शन भरले. पाश्चात्त्य आणि पाश्चात्त्येतर कलावंत एका पातळीवर मांडण्याचा तो दावा होता. त्यात म्हसे होते आणि रिचर्ड लाँग हा ब्रिटिश कलावंतही होता. लाँग नदीचा चिखल हाताने भिंतीवर फासून प्रचंड वर्तुळे काढतो. त्याच वर्षी त्याला ब्रिटनचा प्रतिष्ठेचा टर्नर पुरस्कार मिळाला.

२०/
२००३ साली जर्मनीतील ड्युसेलडॉर्फच्या संग्रहालयात लाँग आणि म्हसे यांचे संयुक्त प्रदर्शन झाले. त्यासाठी लाँग वारली मुलुखात येऊन गेला. एकाच दालनात दोघांचीही माती. पण दोघांविषयी वापरल्या जाणाऱ्या शब्दांत फरक आढळतो. लाँगचा चिखल ‘प्रयोग’ ठरतो, म्हसे यांचे शेण ‘परंपरा’ ठरते. लाँगने चिखल निवडला हे त्याचे धाडस मानले जाते. म्हसे यांनी कागद, डिंक, कापड निवडले, आणि शेण सोडता येत असतानाही सोडले नाही, ही निवड मात्र नोंदवली जात नाही.

२१/
खरे तर माहीत असलेला कालक्रम उलटेच सांगतो. विधीपासून चित्र वेगळे करणे, स्त्रियांच्या अधिकारातील काम पुरुषाने हाती घेणे, नष्ट होणाऱ्या वस्तूला टिकाऊ करणे, गोठ्यातील द्रव्याचा आणि कारखान्यातील रंगाचा मेळ घालणे : एका माणसाच्या हयातीत झालेले हे बदल कोणत्याही आधुनिक कलाचळवळीइतके मूलगामी आहेत. २०११ साली पद्मश्री मिळाली आणि १५ मे २०१८ रोजी म्हसे यांचे निधन झाले. त्यांना बहुधा ‘प्राचीन कलेचे वारसदार’ म्हटले जाते. ‘आधुनिक कलावंत’ म्हणून ओळख क्वचितच करून दिली जाते.

२२/
या प्रयोगाची किंमतही होती आणि ती समान वाटली गेली नाही. मिथिलेत कागद स्त्रियांच्या हाती गेला. सीता देवी, गंगा देवी, जगदंबा देवी ही नावे देशभर झाली. वारली मुलुखात कागदावर आलेली पहिली मोठी नावे पुरुषांची. भिंतीवर चौक काढणाऱ्या सवाशिणीने कधी सही केली नव्हती, कारण विधीला सही नसते. चित्र विकाऊ झाले तेव्हा सहीला मोल आले आणि ज्यांच्या हातांनी हे तंत्र सांभाळले, त्या स्त्रिया बहुतांशी निनावी राहिल्या.

२३/
पनवेलच्या लिफ्टशेजारच्या चित्रात हे दोन्ही थर हरवलेले असतात. तेथे सवाशीण नाही आणि म्हसेही नाहीत. केवळ आकृती उरली आहे. गुळगुळीत पुट्टीवर रेघ कोठेही तुटत नाही, कारण तिला अडवणारी बोटांची वळणेच खाली नाहीत. नक्षी म्हणून त्यात वाईट काही नाही. पण तिला ‘प्राचीन’ म्हणताना एवढे लक्षात असावे की लाल पार्श्वभूमीवरील सुटे, विधीविना काढलेले हे वारली चित्र ज्या रूपात घराघरांत पोहोचले, ते रूप जेमतेम पन्नास वर्षांचे आहे.

२४/
पनवेलहून वसईमार्गे डहाणूला थेट मेमू गाडी जाते. त्या बाजूच्या पाड्यांवर आता कारवीच्या कुडाऐवजी सिमेंटच्या भिंती वाढत आहेत. सिमेंटला सारवण धरत नाही. तरीही लग्न ठरले की अनेक घरांत भिंतीचा एक भाग गेरूने माखून घेतला जातो, तांदळाचे पीठ कालवले जाते आणि सवाशिणी चौकाची पहिली रेघ ओढतात. ओली असताना ती नीट दिसत नाही. वाळेपर्यंत थांबावे लागते.

(समाप्त)